कावेरीचा महाशीर आणि जाणकारांचा शब्द

2015 या एकाच वर्षात अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या तिघा संशोधकांचे दोन लेख प्रसिद्ध झाले. दोन्हींचा आधार एकच होता: कर्नाटकात कावेरीच्या काठी गळाने मासेमारी करणाऱ्यांची जी शिबिरं चालत, तिथल्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी. एका लेखात नदीतले सगळे महाशीर एकत्र मोजले होते आणि चित्र आशादायक होतं. तेवढ्याच वेळात गळाला पूर्वीपेक्षा जास्त मासे लागत होते आणि त्यांचं सरासरी वजन उतरत होतं. म्हणजे लहान मासे भरपूर होते, नवी पिढी येत होती. दुसऱ्या लेखात तेच मासे प्रकारानुसार वेगळे केले, आणि दिसलं ते असं की कावेरीचा स्वतःचा महाशीर, पाठीवर बैलासारखं वशिंड असलेला तो जगप्रसिद्ध मासा, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. लहान माशांची जी गर्दी दिसत होती ती दुसऱ्याच महाशीराची, निळसर परांच्या महाशीराची. तो मूळचा कावेरीचा नव्हेच. तो आपल्या कृष्णा खोऱ्यातला, आणि कावेरीत पोचला तो लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातून.

या प्रकरणात कोणी लबाड नाही. गळ टाकणारे नामांकित लोक, मत्स्यबीज तयार करणारे शास्त्रज्ञ, त्यांच्यामागे उभी राहिलेली कंपनी, सरकारी खातं, सगळ्यांनाच महाशीर जगावा असं मनापासून वाटत होतं. प्रत्येकाला काहीतरी खरोखर येत होतं. तरीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक अख्खी जात हातची जाऊ लागली आणि कित्येक वर्षं ते कोणी बोललं नाही. म्हणून या माणसांच्या शब्दाला वजन कशामुळे आलं, ते कुठपर्यंत रास्त होतं आणि कुठे ताणलं गेलं, हे मला तपासून पाहायचं आहे.

मोठ्या माशाची कीर्ती

कावेरीच्या महाशीराला नाव मिळालं ते त्याच्या आकारामुळे. 1919 मध्ये रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कावेरीत 119 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा महाशीर गळाने पकडला. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा मासा काढून तो विक्रम एका पौंडाने मोडला. शिकारीच्या जनावरांच्या कातड्यांत पेंढा भरण्यासाठी हे घराणं देशभर ओळखलं जाई. शिकारीच्या त्या दुनियेत महाशीराचा भाव वाघाच्या खालोखाल होता.

स्वातंत्र्यानंतर ही सगळी मंडळी पांगली आणि कावेरीतले हे राक्षसी मासे संपले असावेत असा समज बाहेर रूढ झाला. 1977 साली तीन तरुण इंग्रज गाडीने जमिनीच्या वाटेने भारतात आले. ट्रान्स वर्ल्ड फिशिंग टीम हे त्यांनी स्वतःला दिलेलं नाव. पुढच्या वर्षी त्यांनी कावेरीत नव्वद पौंडांच्या वरचा महाशीर काढला आणि इंग्लंडमधल्या मासेमारीच्या मासिकांत खळबळ उडाली. त्यानंतर टीव्हीवर मासेमारीचे कार्यक्रम करणारे जॉन विल्सन कावेरीवर आले. पुढे राक्षसी माशांच्या मालिकेमुळे जगभर घरोघरी पोचलेले जेरेमी वेड हेही महाशीरासाठीच 1982 मध्ये पहिल्यांदा भारतात आले होते. गुडघाभर पाण्यात उभा गोरा माणूस, दोन्ही हातांत न मावणारा सोनेरी मासा आणि मागे काळे खडक, असं छायाचित्र हीच कावेरीची ओळख होऊन बसली.

या लोकांचं ज्ञान खोटं नव्हतं. कोणत्या प्रवाहात, कोणत्या खडकामागे, पाणी किती चढलं की मासा कुठे सरकतो, नाचणीच्या पिठाचा गोळा कसा शिजवून बांधायचा, मोठा मासा ओढ घेतो तेव्हा दोरी किती सोडायची, हे त्यांना आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त त्यांच्याबरोबरच्या स्थानिक वाटाड्यांना येत होतं. पकडलेला मासा मोजून, तोलून पुन्हा पाण्यात सोडायचा हा रिवाज त्यांनी पक्का केला. भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमाकळी इथल्या शिबिरांनी आधी जिलेटीनच्या कांड्या फोडून मासे मारणाऱ्या काही जणांनाच वाटाडे आणि राखणदार म्हणून कामाला घेतलं. त्या टप्प्यात सुरुंगाने होणारी मासेमारी आटोक्यात आली. कावेरीच्या काही पट्ट्यांचा ताबा वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या 1972 साली स्थापन झालेल्या संस्थेकडे होता आणि त्यांनीही पहारे ठेवले. ही कामं फुकाची नव्हती.

पण कीर्ती नेहमी सर्वांत मोठ्या माशाला चिकटते. एखादी जात टिकणार की नाही हे ठरतं तिच्या सर्वांत लहान पिल्लांवर. गळवाल्याच्या आठवणीत राहतो तो चाळीस किलोंचा मासा. अर्ध्या किलोचा लागला काय, न लागला काय, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. याचा या प्रकरणात किती मोठा परिणाम झाला ते पुढे येतंच.

वळवणचं मत्स्यबीज

आता थोडं आपल्या घाटावर यायला हवं, कारण कावेरीच्या प्रकरणाचा एक धागा लोणावळ्यात आहे. खोपोलीच्या वीजघरासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी लोणावळा, वळवण, शिरोता अशी धरणं बांधली. पूर्वेकडे वाहून जाणारं पाणी अडवून ते घाटाखाली उतरवायचं, ही त्यामागची कल्पना. महाशीर पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. खडकाळ, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी त्याला लागतं. धरणाने ती वाट बंद होते. जलाशयात मासा राहतो, पण त्याचं घर अर्धं मोडलेलं असतं.

1970 च्या आसपास टाटांच्या वळवणच्या केंद्रात महाशीराचं बीज तयार करायला सुरुवात झाली. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत काम करणारे एस. एन. ओगले या दोघांची नावं इथे आदराने घ्यायला हवीत. मासा होता निळ्या परांचा महाशीर. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या नमुन्यावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिलं. म्हणजे हा मासा पुणेकरच. कुलकर्णींनी त्याची अंडी घालण्याची रीत आणि पिल्लांची वाढ नोंदवली. पिकलेली मादी पकडून हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य मिसळायचं आणि फळलेली अंडी वाहत्या पाण्यात ठेवायची, ही पद्धत त्यांनी आणि ओगल्यांनी बसवली. रोहू-कटल्याच्या मानाने महाशीराची अंडी मोजकीच असतात, त्यामुळे नासाडी परवडत नाही. अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवता येतात हा त्यांचा शोध मला फार मोलाचा वाटतो. पाण्याने भरलेली पिंपं न वाहता महाशीर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात नेता येऊ लागला.

हे अस्सल कौशल्य होतं आणि त्या काळात देशात इतरत्र फार थोड्या ठिकाणी ते होतं. प्रश्न पुढचा आहे. ज्याला महाशीराचं बीज तयार करता येतं, त्यालाच ते कुठे सोडावं हेही कळतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पहिलं ज्ञान हातांचं आणि प्रयोगशाळेचं. दुसऱ्यासाठी कोणत्या नदीत कोणती जात मुळात होती, ती वेगळी कशी ओळखायची, बाहेरून आलेला जोमदार भाऊबंद तिथल्या माशाचं काय करील, हे माहीत लागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हतं. महाशीर कमी झालाय ना, मग महाशीर सोडा, इतकं ते सरळ वाटत होतं. कुलकर्णी-ओगल्यांना आजच्या मापाने दोष देणं मला पटत नाही. त्या वेळी देशभरचं मत्स्यशास्त्र उत्पादन वाढवण्याच्या भाषेत बोलत होतं आणि जलाशयात बीज सोडणं हे पुण्यकर्म समजलं जात होतं.

लोणावळ्याचं बीज अनेक राज्यांत गेलं. कर्नाटकातही गेलं. कावेरीत ते सोडण्यात मत्स्यखात्याला आणि गळवाल्यांच्या संघटनांना सारखाच उत्साह होता. पुढे कोडगूत हारंगीला त्याच माशाचं बीज तिथेच तयार होऊ लागलं. हा मासा जात्याच चिवट. नव्या नदीत रुजला, वाढला, आणि स्वतः पिल्लं घालू लागला. गळाला मासे लागू लागल्यावर येणारे पाहुणेही खूश होते.

वह्यांनी काय सांगितलं

शिबिरांमधली सर्वांत मोलाची गोष्ट छायाचित्रांच्या भिंतीवर नव्हती, ती वह्यांमध्ये होती. कोणत्या दिवशी किती तास गळ पडला, किती मासे लागले, प्रत्येकाचं वजन किती, प्रकार कोणता. 1998 ते 2012 या काळात तेवीस हजारांहून जास्त तासांची मासेमारी आणि सहा हजारांहून जास्त महाशीर त्यात नोंदवलेले आहेत. अर्ध्या किलोच्या आतल्यापासून सेहेचाळीस किलोंच्या वरच्यापर्यंत. आपल्या देशातल्या गोड्या पाण्याच्या कुठल्याही मोठ्या माशाबद्दल इतक्या सलग नोंदी विरळाच. सरकारी खात्यांकडे त्या नव्हत्या, विद्यापीठांकडे नव्हत्या. त्या ठेवल्या हौशी माणसांनी आणि त्यांच्याकडे रोजावर काम करणाऱ्या वाटाड्यांनी.

पिंडर स्वतः गळ टाकणारा माणूस आणि पेशाने मत्स्यशास्त्रज्ञ. राघवन केरळातले, पश्चिम घाटाच्या माशांचे अभ्यासक. त्यांना या वह्यांचं मोल कळलं. एकत्रित आकड्यांचं चित्र सुरुवातीला सांगितलंच: संख्या वाढती, वजन उतरतं. माशांच्या अभ्यासात ही साधारणपणे चांगली खूण. राखण केली, मासा पुन्हा सोडला, त्याचं फळ मिळालं, असा अर्थ त्यातून निघतो.

मग त्यांनी नोंदीतले प्रकार वेगळे केले. निळ्या परांच्या महाशीराची संख्या भराभर वाढलेली होती. वशिंडाच्या महाशीराची वर्षागणिक घसरत होती. आणि जे थोडे वशिंडवाले लागत होते त्यांचं सरासरी वजन वाढत चाललं होतं.

या शेवटच्या वाक्यापाशी मी दर वेळी थबकतो. गळवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ही आनंदाची बातमी आहे: कमी लागतात, पण लागतात ते दांडगे! जातीच्या नजरेने पाहिलं तर याचा अर्थ असा की म्हातारे उरलेत आणि मागून पोरं येत नाहीत. महाशीर दीर्घायुषी असतो, त्यामुळे प्रजनन थांबल्यावरही कित्येक वर्षं नदीत मोठे मासे दिसत राहतात आणि छायाचित्रं निघत राहतात. तीस-तीस वर्षं कावेरीवर येणाऱ्या, नदीचा दगडन् दगड ओळखणाऱ्या माणसाला त्याच्या अनुभवानेच चकवलं असतं, कारण त्याचा अनुभव त्या मोठ्या माशाभोवती बांधलेला होता. वही मात्र लहान माशालाही एक ओळ देते.

वशिंडाचा महाशीर नेमका कशामुळे खालावला, याचं एकाच कारणात उत्तर मिळत नाही, आणि ते एका वाक्यात सांगणाऱ्याच्या शब्दावर मी विसंबणार नाही. कृष्णराजसागर आणि मेट्टूरसारख्या धरणांनी नदीचे तुकडे केले. उन्हाळ्यात पाणी उरत नाही. वाळू उपसली जाते, जिलेटीन फुटतं. या सगळ्याच्या जोडीला बाहेरचा महाशीर आला आणि त्याने वशिंडवाल्याची जागा घेतली. पण या दबावांपैकी एक आपण स्वतः, संवर्धनाच्या नावाने, हाताने बादलीतून ओतला होता. तो टाळता आला असता.

नाव नसलेला मासा

इतका प्रसिद्ध मासा, तरी धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तो नव्हताच. कारण शास्त्राच्या दप्तरी त्याला स्वतःचं नाव नव्हतं. साइक्स यांनी 1839 मध्येच दख्खनच्या नद्यांमधून ‘मसुल्ला’ नावाच्या आणखी एका माशाचं वर्णन केलं होतं. कावेरीच्या वशिंडवाल्याला अनेक वर्षं तेच नाव उसनं चिकटवलं गेलं. पुढे साइक्सचा मसुल्ला हा महाशीरांच्या कुळातलाच नाही हे स्पष्ट झालं. मग कावेरीचा तो राक्षस बिननावाचा राहिला. ज्याचं नाव ठरलेलं नाही त्याचं मूल्यांकन होत नाही, आणि मूल्यांकन नसेल तर त्याच्यासाठी पैसा, कायदा, आराखडा काहीच उभं राहत नाही. दीडशे वर्षं ज्याच्यावर लेख लिहिले गेले, ज्याच्या विक्रमांच्या पाट्या लागल्या, त्याचं बारसं करायला कोणालाच सवड झाली नव्हती.

उत्तर सापडलं ते कुठल्याही नामवंताच्या संग्रहात नाही. 2007 मध्ये कुरूप आणि राधाकृष्णन या केरळच्या दोन संशोधकांनी कावेरीची उपनदी असलेल्या पांबार नदीतून मिळालेल्या लहान माशांवरून एका नव्या जातीचं वर्णन केलं होतं, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या मत्स्यतज्ज्ञ रेमा देवी यांच्या सन्मानार्थ तिला ‘टॉर रेमादेवी’ असं नाव दिलं होतं. त्या पिल्लांचा कावेरीच्या महाकाय माशाशी काही संबंध असेल हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. 2018 मध्ये पिंडर, राघवन, त्या वेळी पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत असलेले नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या, कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीतले वशिंडाचे महाशीर तपासले, शरीराची मापं आणि जनुकं दोन्ही ताडून पाहिली, आणि दाखवून दिलं की पांबारची ती पिल्लं आणि कावेरीचा तो राक्षस एकच जात. त्याच वर्षी लाल यादीत ही जात थेट ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून दाखल झाली. याच्या पुढची पायरी निसर्गातून नाहीसं होण्याची.

या कामात कोणाचाही चेहरा प्रसिद्ध नाही. मोठ्या माशाबरोबरचं छायाचित्र नाही. परांतले काटे मोजणं, खवल्यांच्या रांगा मोजणं, जुने नमुने हुडकणं असं कंटाळवाणं काम आहे ते. पण या प्रकरणात जातीच्या हिताचं सर्वांत ठोस पाऊल पडलं ते याच कामामुळे.

श्रेय कोणी घ्यायचं

निळ्या परांच्या महाशीराची गोष्ट मात्र उलटी गेली. तो पूर्वी लाल यादीत ‘संकटग्रस्त’ होता. नव्या मूल्यांकनात तो ‘फारशी चिंता नाही’ या गटात गेला. 2020 मध्ये टाटा पॉवरने हा बदल जाहीरपणे आपल्या लोणावळ्याच्या पन्नास वर्षांच्या कामाशी जोडला आणि अनेक वर्तमानपत्रांनी ती बातमी आनंदाने छापली.

वळवणच्या कामाबद्दल मला आदर आहे हे वर लिहिलंच. पण वाचक म्हणून त्या बातमीला दोन प्रश्न विचारायलाच हवेत. पहिला: कुठल्या नदीतला मासा वाढला? लाल यादी अख्ख्या जातीचा विचार करते. इंद्रायणीत, भीमेत, मुळशीच्या वरच्या ओढ्यांत, जिथला हा मासा मूळचा, तिथे तो आज कसा आहे हे त्या एका शब्दातून कळत नाही. दुसरा: जिथला तो नव्हे तिथे त्याने काय केलं? त्याच बीजाचा कावेरीतला हिशेब शेजारी मांडल्याशिवाय यशाचा आकडा पुरा होत नाही. ज्याने काम केलं त्यानेच त्याचा निकाल जाहीर करावा यात काही वावगं नाही, पण तो निकाल दुसऱ्या कोणीतरी, ज्याचं त्यात काही गुंतलेलं नाही अशाने, तपासलेला असला की त्याला वजन येतं. बातमी छापणाऱ्यांनी एखाद्या स्वतंत्र मत्स्यशास्त्रज्ञाला एक फोन केला असता तरी गोष्ट बरीच वेगळी दिसली असती.

गळवाल्यांच्या दाव्यालाही हेच लागू होतं. 2012 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे कावेरी अभयारण्यातली गळाची मासेमारी बंद झाली, शिबिरं उठली. ‘आम्ही होतो म्हणून नदी राखली गेली, आम्हाला हटवलं आणि जिलेटीनवाले परत आले’ असं गळवाले सांगतात. पिंडर आणि राघवन यांनीही 2013 मध्ये लेख लिहून हौशी मासेमारीचा संवर्धनाला उपयोग होतो अशी बाजू मांडली होती, आणि ती बाजू मला बरीचशी पटते. पहाऱ्याचं काम खरंच होत होतं. पण बंदीनंतर आणखी एक गोष्ट गेली जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: वही बंद झाली. नदीवर रोज कोण मासा पकडतं आणि तो कोणत्या जातीचा आहे हे लिहिणारं तिथे कोणी उरलं नाही. बंदी घालणाऱ्या खात्याने त्या नोंदींची जागा भरली असती, तर त्या निर्णयाबद्दल माझं मत वेगळं असतं.

पिंडर आणि राघवन यांच्याबद्दल मला जो विश्वास वाटतो तो त्यांच्या पदव्यांमुळे नाही. आपल्याच आकड्यांतून आधी आशादायक चित्र निघत असताना, आणि त्यांची स्वतःची सहानुभूती गळवाल्यांच्या बाजूला असताना, त्यांनी तेच आकडे पुन्हा फोडून पाहिले आणि आपल्याला न आवडणारा निष्कर्ष त्याच वर्षी छापला. गळवाल्यांच्या लाडक्या माशाच्या ऱ्हासात गळवाल्यांनी आनंदाने सोडलेल्या बीजाचाही वाटा असू शकतो हे त्यातून उघड होत होतं. आपल्याच मित्रमंडळींना अवघड जाईल असं बोलणं सोपं नसतं.

आणि ज्यांची नावं कुठल्याच लेखावर नाहीत, त्या वाटाड्यांचं काय? दोन महाशीर वेगळे आहेत हे नदीकाठच्या माणसाला नजरेनेच कळत होतं. डोक्यामागून चढत गेलेलं वशिंड, सोनेरी झाक, जाड ओठ एकीकडे. निळसर पर आणि सरळ पाठ दुसरीकडे. त्यांनी हा फरक ओळखला, वहीत उतरला, म्हणून पंधरा वर्षांनी संशोधकांना आकडे वेगळे करता आले. वहीत नुसतं ‘महाशीर’ असं लिहिलं असतं तर आशादायक चित्रच आजवर खरं मानलं गेलं असतं. या प्रकरणातलं सर्वांत निर्णायक ज्ञान या माणसांकडे होतं, आणि कोणत्याही बैठकीला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

आपल्या नद्यांसाठी

महाराष्ट्रात हा विषय शिळा झालेला नाही. पावसाळ्यात जलाशयांत मत्स्यबीज सोडण्याचे कार्यक्रम होतात. पुढारी, उद्योजक, कधी नटनट्या बादली रिकामी करतात, छायाचित्रं निघतात. कोणती जात, कुठल्या केंद्रातली, किती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), त्या नदीत ती आधी होती का, हे बातमीत क्वचितच असतं. कोकणात महाडजवळ काळ नदीवरचं वाळणकोंड आणि वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे इथे देवाचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. तिथे गळ टाकायचा नाही हे गावाने ठरवलं, कोणत्याही खात्याने नाही. या नद्या पश्चिमेला वाहतात, कृष्णेच्या खोऱ्यात मोडत नाहीत. तिथल्या माशांची जनुकं तपासल्याशिवाय घाटावरच्या केंद्रातलं बीज त्या डोहांत किंवा त्यांच्या वरच्या अंगाला सोडण्याचा विचार कोणी मांडला, तर तो कितीही मोठ्या नावाने मांडलेला असो, गावाने नकार द्यावा असं मला ठामपणे वाटतं. आणि कावेरीत, विशेषतः वशिंडाचा महाशीर अजून सापडतो त्या मोयारच्या पट्ट्यात आणि तिच्या वरच्या पाण्यात, निळ्या परांच्या महाशीराचं एकही बोटुकलं यापुढे जाता कामा नये.

मत्स्यखात्याने एक साधी गोष्ट करावी. राज्यात सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक मत्स्यबीजाची नोंद लोकांना पाहता येईल अशी ठेवावी: जात, केंद्र, संख्या, तारीख, पाणी. वळवणकडे पन्नास वर्षांची माहिती असणार. कोणत्या वर्षी कोणत्या नदीत किती बीज गेलं हे कंपनीने खुलं केलं, तर महाशीराच्या देशभरच्या इतिहासातला मोठा भाग एका फटक्यात उजेडात येईल. ते बीज कुठे जगलं, कुठे मेलं आणि कुठे दुसऱ्याच्या घरात शिरलं, हे शोधायला पुण्यात आणि कोचीत माणसं तयार आहेत.